पावसाळा, बार आणि बारा आठवडे

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंब्र्याच्या डोंगरावरचे कातळ गळायला लागतात. आधी वरच्या गवतातून पाणी झिरपतं, मग भेगांमधून, आणि जुलै उजाडेपर्यंत मे महिन्यात डोळे मिटून पकडलेल्या होल्डवर, म्हणजे कातळातल्या पकडीवर, हिरवं शेवाळ धरलेलं असतं. बेलापूरची तीच गत. बेसॉल्ट भिजून मऊ पडत नाही, दगड टणकच राहतो, पण घर्षण संपतं आणि ऑक्टोबरपर्यंत क्लाइंबिंग बंद. ठाणे-नवी मुंबईतल्या प्रस्तरारोहकाचे साडेतीन-चार महिने दरवर्षी असे रिकामे जातात. त्या रिकाम्या काळात आम्ही बारा आठवडे पुल-अप्सचा मोठा डोस चालवला. आठवड्याला ११० पासून सुरुवात, अकराव्या आठवड्यात २३०. तो कसा बसवला, कुठे फसला आणि कातळावर गेल्यावर त्यातलं काय कामाला आलं, हे लिहितो आहोत.

‘हाय व्हॉल्यूम’ म्हटलं की लोकांना वाटतं, रोज हात सुटेपर्यंत लटकायचं. आम्ही केलं ते बरंच मिळमिळीत होतं. एका दमात जास्तीत जास्त दहा निघत असतील तर सेट चार-पाचचा, आणि असे सेट भरपूर. सेटमधला शेवटचा पुल-अप पहिल्यासारखाच दिसला पाहिजे. सराव संपवून निघताना ‘अजून दोन सेट निघाले असते’ असं वाटलं तर दिवस बरोबर गेला. हात थरथरत घरी गेलात तर पुढच्या दोन दिवसांतले पुल-अप्स तुम्ही आजच खर्च केले. आणि मोजायचा असतो तो आठवड्याचा आकडा.

बार कुठला, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. उद्यानांमधल्या ओपन जिममध्ये सिंगल बार सापडतो, पण पावसाळ्यात त्याच्या दोन अडचणी. रंगवलेला लोखंडी पाइप ओला झाला की साबणासारखा निसटतो. फडक्याने पुसून दोन सेट होईपर्यंत पुन्हा दमट. शिवाय पहाटे तिथे भरतीची तयारी करणारी मुलं असतात, त्यामुळे बारवर नंबर लागतो. नंबर लागणं वाईट नाही, विश्रांती आपोआप मिळते. पण घड्याळावर चालणारा सराव तिथे जमत नाही. म्हणून निम्मं काम घरात.

दाराच्या चौकटीत फिरवून बसवायचा टेलिस्कोपिक बार सगळ्यांत स्वस्त, आणि सगळ्यांत आधी दगा देणारा. तो नुसत्या दाबावर उभा असतो. पावसात फुगणाऱ्या लाकडी चौकटीत तो महिन्याभरात एका बाजूने उतरायला लागतो. वापरायचाच तर दोन्ही टोकांखाली आधाराच्या वाट्या स्क्रूने आवळायच्या आणि लटकण्याआधी दर वेळी फिरवून बघायचा. त्यापेक्षा टिकाऊ उपाय म्हणजे प्लंबिंगच्या दुकानातला एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप. ‘एक इंची’ म्हणून मिळतो त्याचा बाहेरचा व्यास साधारण ३३.७ मिमी असतो, मुठीत नीट बसतो. अर्धा इंची बोटांना कापतो. सव्वा इंची म्हणजे बाहेरून ४२ मिमीच्या आसपास. लहान पंज्याला तो जाड पडतो आणि पाठ थकायच्या आधी मूठ थकते. चार फुटांचा तुकडा, दोन मजबूत ब्रॅकेट आणि आरसीसी बीममध्ये १० किंवा १२ मिमीचे अँकर फास्टनर. विटांच्या भिंतीत नको, चार इंची पार्टिशनमध्ये तर मुळीच नको. ड्रिल सळईला लागला तर जोर न लावता भोक दोन इंच सरकवायचं. पंख्याच्या हुकाला स्लिंग (पट्ट्याचा फास) अडकवणारे महाभाग भेटतात. ६५ किलोचा माणूस झटक्याने खाली येतो तेव्हा वरच्या आधारावर ६५ किलोपेक्षा बराच जास्त भार येतो, एवढं त्यांना सांगावं. भाड्याचं घर असेल तर भोक पाडण्याआधी मालकाला फोन.

आता एक पुल-अप सावकाश बघू, कारण दोनशेतला प्रत्येक असाच निघायला हवा. मुठी खांद्यांच्या रुंदीएवढ्या किंवा चार बोटं बाहेर, तळवे पुढे. अंगठा बारला वळसा घालून. हात सरळ, पण खांदे कानाला चिकटलेले नकोत. कोपर वाकवायच्या आधी खांद्याची पाती खाली खेचायची, त्याने शरीर इंचभर वर येतं. सगळी मेख या इंचात आहे. तो गाळला की ओढण्याचं काम बेडकुळीवर आणि कोपरावर पडतं, पाठ नुसती बघत राहते. मग कोपरं बरगड्यांकडे नेत वर. हनुवटी बारच्या वर यावी, मात्र मान उंचावून नव्हे. मान ताणून मिळवलेला पुल-अप आम्ही वहीत धरत नव्हतो. खाली येताना दोन सेकंद. पाय किंचित पुढे, पोट आवळलेलं, झोका नाही. खाली पोचल्यावर हात पूर्ण सरळ होतात पण अंग ढिलं टाकायचं नाही. पोत्यासारखं लोंबकळलं की पुढच्या ओढीला खांद्याच्या पुढच्या बाजूत चिमटा बसतो. आठ-दहा दिवसांत हे अंगवळणी पडतं, फक्त मोबाइल समोर ठेवून व्हिडिओ बघायची लाज सोडावी लागते.

पहिल्या दिवशी चाचणी. पाच मिनिटं हात-खांदे फिरवणं, दोन-दोन पुल-अप्सचे दोन सेट, तीन मिनिटं थांबून मग एका दमात जास्तीत जास्त. रीत मोडली की मोजणं थांबलं. बरेच जण स्वतःचा आकडा बारा सांगतात आणि या नियमाने आठवर येतात. सगळं गणित या आकड्यावर उभं राहतं, म्हणून इथे फुगवलात तर पहिल्या तीन आठवड्यांतच कोपर हिशेब मागतं.

दहाचा आकडा असलेल्याचा आठवडा असा होता. सोमवारी शिडी: १, २, ३, ४ असे चढते सेट, मधे फक्त हात झटकण्याइतकी विश्रांती, शिडी संपली की दोन मिनिटं थांबायचं. एका शिडीत दहा पुल-अप्स, चार शिड्यांत चाळीस. बुधवारी घड्याळ: दर मिनिटाच्या सुरुवातीला तीन, उरलेल्या मिनिटात विश्रांती, दहा मिनिटं म्हणजे तीस. शनिवारी ढीग: चाळीस पुल-अप्स, सेट कितीचेही, फक्त दम संपेपर्यंत जायचं नाही, एकूण लागलेला वेळ वहीत. झाले ११०. दुसऱ्या आठवड्यात ४०, ३६ आणि ५०, म्हणजे १२६. तिसऱ्यात पाच शिड्या, पंधरा मिनिटं घड्याळ आणि पुन्हा पन्नासचा ढीग, म्हणजे १४५. चौथा आठवडा निम्म्यावर: २०, २४, ३०, एकूण ७४. ज्याचा आकडा सहा, त्याची शिडी १-२-३, घड्याळावर दोन, आणि सुरुवातीचा आठवडा साठ-सत्तरच्या पुढे नाही.

चौथा आठवडा निम्म्यावर आणणं सगळ्यांत अवघड गेलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुल-अप्स जड लागतात, शनिवारचा वेळ वाढतो, आणि माणसाला वाटतं आपण कमी पडतोय, अजून घासलं पाहिजे. खरं तर थकवा साचलेला असतो आणि त्याच्याखाली वाढलेली ताकद दिसत नाही. निम्मा आठवडा गेला की पाचव्याच्या सोमवारी बार अचानक हलका लागतो. हाच खेळ आठव्या आणि बाराव्या आठवड्यात. जूनच्या मध्याला सुरू केलं तर आठवा आठवडा ऑगस्टमध्ये आणि बारावा सप्टेंबरच्या सुरुवातीला येतो. दहीहंडी आणि गणपती त्याच सुमारास असल्याने सुट्टीचा अपराधी भाव कमी होतो. मोदकांचा हिशेब मात्र ज्याचा त्याने ठेवावा, कारण पुल-अपमध्ये वजन स्वतःचंच उचलायचं असतं.

पाचव्यापासून चढ असा: १६४, १८०, १९४, मग निम्मा ९५. नवव्यापासून २०२, २१७, २३०. सहाव्या आठवड्यापासून शिडी १ ते ५ ची केली, म्हणजे एका शिडीत पंधरा. बुधवारी मिनिटाला तीनऐवजी चार. अकराव्या आठवड्यातले २३० असे: पाच शिड्यांचे ७५, वीस मिनिटांचे ८० आणि ७५ चा ढीग. पहिल्या शनिवारी चाळीसला वीस मिनिटं लागली होती. शेवटच्या मोठ्या शनिवारी पंच्याहत्तरला चोवीस. बाराव्या आठवड्यात ९०, मग चार दिवस बारला हात नाही आणि पुन्हा चाचणी. दहाचे पंधरा झाले, सहाचे दहा. ज्याची सुरुवातच सोळाने झाली त्याचे अठरा. या शेवटच्या आकड्याकडे परत येऊ.

ज्यांना एकही पुल-अप निघत नाही त्यांनी बारा आठवड्यांचा हा तक्ता बाजूला ठेवावा. खुर्चीवर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि पाच सेकंद मोजत उतरायचं. असे तीन-चारचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा, याहून जास्त नको. सोबत रबर बँडच्या आधाराने पूर्ण पुल-अप. सावकाश उतरण्याने ताकद लवकर येते, पण स्नायूंची मोडतोडही त्यातच सगळ्यांत जास्त होते.

या मोडतोडीबद्दल दोन शब्द गंभीरपणे. बऱ्याच खंडानंतर किंवा पहिल्यांदाच कुणी एका दिवसात शंभर पुल-अप्सची पैज लावली, तर स्नायू इतके तुटतात की त्यातली प्रथिनं रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण येतो. ऱ्हॅबडोमायोलिसिस म्हणतात त्याला. खुणा ओळखायला सोप्या: दंड सुजतात, कोपर सरळ होत नाही, आणि एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. हे नेहमीचं अंगदुखणं नाही. वाट न बघता, स्प्रे मारत न बसता, थेट हॉस्पिटल गाठायचं. ठाण्याच्या उकाड्यात घाम गळून पाणी कमी पडलेलं असतं, त्याने धोका वाढतो. व्यायामशाळेतली ‘आज किती, आजच बघू’ ही पद्धत म्हणूनच आम्हाला पटत नाही.

हाताची कातडी दुसऱ्या आठवड्यापासून बोलायला लागते. करंगळी आणि अनामिकेच्या मुळाशी घट्टे येतात. घट्टा बरा असतो, त्याची उभी राहिलेली कड वाईट. ती कड बार आणि बोटाच्या मधे दुमडते, चिमटली जाते आणि एका शनिवारी साठाव्या पुल-अपला नखाएवढी चामडी सोलून निघते. मग आठवडाभर सुट्टी. उपाय न्हाणीघरातच आहे. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना टाचेची वज्री घट्ट्यावर हलक्या हाताने फिरवायची, आजूबाजूच्या कातडीच्या पातळीला येईपर्यंतच. गुलाबी दिसेस्तोवर घासलं तर उद्या लटकता येणार नाही. शिवाय बार तळव्याच्या मध्यात घ्यायचा नाही. तो बोटांच्या मुळाशी धरला की दुमडायला कातडी उरत नाही. हात कोरडे ठेवायला लावतात त्या चॉकबद्दल: जुलैच्या दमट हवेत साधी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घामात कालवून चिखल होतो. आधी हात कोरडे पुसून स्पिरिटवालं लिक्विड चॉक लावलं तर चार-पाच सेट टिकतं. पाइपवर साचलेला थर टूथब्रशने झाडायचा, नाही तर तो तुळतुळीत होतो.

नवव्या आठवड्यात कोपर आलं. ते येणार हे ठाऊक होतं, तरी आलं. कोपराच्या आतल्या बाजूला जे हाड हाताला लागतं, तिथे दाबलं की कळ. चहाचा भरलेला टोप उचलताना किंवा दाराची कडी फिरवताना बारीक टोचणी. गोल्फर्स एल्बो असं त्याचं नाव, पण आमच्यात गोल्फ कुणी खेळत नाही. कारण सरळ आहे. स्नायू काही आठवड्यांत वाढतात, त्यांना हाडाशी बांधणारे स्नायुबंध त्याच्या मागे महिनोन् महिने रेंगाळतात. बोटं मिटणारे आणि मनगट वाकवणारे स्नायू या एकाच टेकडीवर बांधलेले. पुल-अप, क्लाइंबिंग, बॅग उचलणं, सगळ्याची बिलं एकाच पत्त्यावर. त्यात स्थिर बारवर मनगट जागचं हलत नाही, त्यामुळे वर जाताना हाताला जो नैसर्गिक पीळ घ्यायचा असतो तो कोपर सोसतं. तळवे आपल्याकडे करून मारलेल्या चिन-अप्समध्ये हा पीळ अजून वाढतो. आमची चूक नेमकी तीच होती. आठव्या आठवड्यात विविधता म्हणून बुधवारचे सगळे सेट चिन-अप्सचे केले, आणि लगेच नवव्यात एकूण आकडाही दोनशेच्या वर नेला. दोन बदल एका वेळी.

सोडवलं असं: ज्याचं कोपर बोलत होतं त्याचा आठवडा निम्म्यावर, पण बंद नाही, कारण पूर्ण आरामाने दुखणं शमतं आणि बारवर परतलं की परत येतं. स्थिर बारऐवजी पट्ट्यावर टांगलेल्या लाकडी रिंगा. रिंग हाताबरोबर फिरते, त्यामुळे खाली तळवे पुढे आणि वर तळवे समोरासमोर असा पीळ आपोआप सुटतो. आणि घरातला हातोडा. मांडीवर हात टेकवून हातोडा दांड्याच्या टोकाशी धरायचा, डोकं वर. मग पाच सेकंद घेत तो बाहेरच्या बाजूला आडवा होऊ द्यायचा आणि दुसऱ्या हाताने परत उभा करायचा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दांडा जितका टोकाला धराल तितकं जड. दुखण्याचा नियम असा ठेवला: दहापैकी तीनपर्यंत टोचणी चालते, पण दुसऱ्या सकाळी ती मूळ पातळीवर आलेली हवी. आली नाही तर कालचा आकडा जास्त झाला. तीन आठवड्यांत फरक पडला. पडला नसता तर फिजिओथेरपिस्ट.

ओढण्याच्या कामाला ढकलण्याची जोड हवी, नाही तर खांदे पुढे गोल होतात. दर पुल-अप्सच्या दिवशी त्याच्या निम्मे जोर आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने खांदा बाहेर फिरवण्याचे पंधराचे दोन सेट. खाण्याचं फार पुराण नको: वजनाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं, ६५ किलोला १०४ ग्रॅम. उसळ, अंडी, पनीर, दही मिळून जमतं. श्रावणात अंडी सोडणाऱ्यांनी साबुदाण्याच्या खिचडीवर हा आकडा गाठायची आशा ठेवू नये.

आता मुद्द्याचं. प्रस्तरारोहकाला याचा उपयोग किती?

एका दमात पाच पुल-अप्स काढणाऱ्याला ओव्हरहँगवरची, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळावरची, प्रत्येक मोठी ओढ त्याच्या पूर्ण ताकदीच्या जवळ जाते. अशा तीन-चार ओढी एकापाठोपाठ आल्या की तो संपतो. तोच माणूस दहा-बारावर पोचला की तीच ओढ त्याच्या ऐपतीचा लहान हिस्सा होते, आणि उरलेला हिस्सा पाय कुठे ठेवावा हे बघायला मोकळा राहतो. दुसरा फायदा आमच्या मते त्याहून मोठा आहे: प्रयत्नांची संख्या. बोल्डरिंगला (रोपशिवाय बुटक्या कातळांवर चढायला) गेल्यावर पूर्वी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर पाठ आणि दंड भरून यायचे आणि पुढचा तासभर नुसत्या गप्पा. ऑक्टोबरमध्ये सातवा-आठवा प्रयत्नही पहिल्यासारखा निघत होता. एखादी मूव्ह शिकायची तर ती ताज्या अंगाने पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि दर आठवड्याच्या दोनशे पुल-अप्सनी नेमकं तेच विकत घेतलं. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर, जिथे चढाई चार-चार तास चालते, रोप खेचायचा, सामानाची सॅक वर ओढायची, तिथेही हेच कामाला येतं.

तिसरा उपयोग लॉक-ऑफचा, पण तो नुसत्या पुल-अप्समधून पुरेसा मिळत नाही. एक हात वाकवलेल्या स्थितीत थिजवून दुसऱ्याने लांबचा होल्ड गाठणं किंवा कातळात अडकवलेल्या क्विकड्रॉच्या कडीत रोप अडकवणं, यात शरीर मधेच थांबवून धरावं लागतं. म्हणून सहाव्या आठवड्यापासून बुधवारच्या शेवटच्या तीन सेटना एसटीसारखे थांबे दिले: वर हनुवटीशी तीन सेकंद, खाली येताना कोपर काटकोनात असताना तीन सेकंद, अजून खाली, हात जवळजवळ सरळ होताना तीन. असे दोन पुल-अप्स म्हणजे एक सेट. आकड्यात ते दोनच धरले, जरी अंगाला सहासारखे लागत असले तरी.

बोटांना मात्र यातून जवळजवळ काही मिळालं नाही. बार हा जगातला सगळ्यांत मोठा जग होल्ड, म्हणजे अख्खी मूठ बसेल अशी पकड, आहे. मुंब्र्याच्या कातळावर हात सुटतो तो बहुतेक वेळा पाठ थकून नव्हे. बोटं मिटणारे स्नायू सतत आवळलेले राहतात, त्यांच्यातला रक्तपुरवठा दबतो, फोरआर्म दगडासारखा टणक होतो आणि बोटं उघडतात. पंप झाला म्हणतो तो हाच. पुल-अपमध्ये बोटांवर इतका बारीक, इतका लांबणारा भार येतच नाही. तुमची खरी अडचण कुठे आहे, याची घरगुती परीक्षा आहे: २० मिमीच्या लाकडी पट्टीवर दोन्ही हातांनी, बोटांची पेरं न मुडपता, दहा सेकंद लटकून बघा. बारवर पंधरा निघतात आणि इथे पाच सेकंदांत हात सुटतो, तर अजून पुल-अप्स वाढवण्यात पावसाळा घालवू नका. पाच-सहा वेळा दहा सेकंद लटकणं, मधे तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा, आणि तेही पुल-अप्सच्या आधी, बोटं ताजी असताना. दोन्ही एकत्र करण्याचा मोह होतो, म्हणजे बारीक पट्टीवरच शंभर पुल-अप्स. तो टाळा. थकलेल्या बोटांनी झटके दिले की बोटातल्या कंडऱ्या हाडाशी धरून ठेवणारे पट्टे, क्लाइंबर ज्यांना पुली म्हणतात, दुखावतात, आणि त्या दुखण्यात दोन-तीन महिने सहज जातात.

जर्मन क्लाइंबर वोल्फगांग ग्युलिशने १९८८ साली न्युरेम्बर्गच्या कॅम्पस सेंटर नावाच्या व्यायामशाळेत लाकडी पट्ट्या ठोकलेली तिरकी फळी टांगली. कॅम्पस बोर्ड हे नाव तिथून आलं. १९९१ मधली त्याची जर्मनीतल्या फ्रँकेनयुरा भागातली ‘ॲक्शन डिरेक्ट’ ही चढाई एक-दोन बोटांच्या खळग्यांवरची. तिच्या तयारीचं साधन ही फळी होती, कारण साधा बार बोटांना ती सवय लावू शकत नव्हता. आपल्याकडे २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगच्या विश्वचषकाचा टप्पा नवी मुंबईत झाला. आजकालच्या स्पर्धांतल्या भिंतींवर गुळगुळीत, झुकलेल्या आकारांवरचे प्रॉब्लेम, म्हणजे बोल्डरिंगच्या छोट्या चढाया, असतात. तिथे तोल आणि पाय चुकले तर दंडाची ताकद काय कामाची?

आता त्या सोळावरून अठरावर गेलेल्या आकड्याकडे. बारा आठवडे, अठराशेवर पुल-अप्स आणि पदरात दोन. शून्यापासून दहापर्यंतचा प्रवास क्लाइंबिंगमध्ये स्पष्ट जाणवतो, दहा ते पंधरा ठीकठाक, आणि पंधराच्या पुढे हा रस्ता महाग पडतो. तिथून पुढे वजन जोडून पाचाचे पाच सेट जास्त शहाणपणाचे. पाठीवरच्या सॅकमध्ये लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या की बाटलीमागे एक किलो. पाच बाटल्यांनी सुरुवात, आठवड्याला एक बाटली, आणि आठवड्याचा एकूण आकडा ७५ च्या पुढे नको. ज्याला कातळाच्या अगदी उभ्या, बारीक होल्डच्या रूट आवडतात त्याने तर दहावर समाधान मानून उरलेला वेळ बोटांना आणि पायांना द्यावा.

ऑक्टोबरमध्ये कातळ सुकला तेव्हा पहिल्या दोन खेपांमध्ये एक नवीनच खोड दिसली. हात मोकळे झाले होते म्हणून सगळे ओढत होते. पाय नीट न ठेवताच वर खेचायचं, पाय सुटले तरी हातांवर सावरायचं. मे महिन्यात नाइलाजाने नीट ठेवलेले पाय सप्टेंबरच्या ताकदीने बिघडवले. त्यासाठी दोन रविवार फक्त सोप्या रूट चढलो, अट एकच: पाऊल ठेवल्यावर आवाज आला की खाली उतरून पुन्हा. बोटांची कातडीही मऊ पडलेली, बारचे घट्टे तळव्याच्या कडेला आणि कातळाला लागतात ती बोटांची टोकं. तिथली कातडी कातळच घडवतो, त्याला तीन-चार आठवडे लागतातच.

बारवरचं काम तेव्हापासून तिसऱ्या हिश्श्यावर आणलं: फक्त बुधवार, मिनिटाला चार, सोळा-अठरा मिनिटं, शेवटी दोन सेट थांब्यांचे. सोमवारी बोटांची पट्टी. शनिवारचा ढीग बंद, कारण रविवारी पहाटे मुंब्र्याला निघायचं असतं.